न प्यायलेल्या दारूची शपथ

मी आयुष्यात कधी दारू प्यायलो नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की आता बोलताना माझा मलाच कंटाळा येतो, आणि ऐकणाऱ्याला तो पहिल्यापासूनच आलेला असतो. तरी लिहायला बसलो तेव्हा पहिलं तेच लिहिलं. कागद मध्ये बोलत नाही, आणि 'सगळे असंच म्हणतात' म्हणून हसतही नाही, एवढाच त्याचा फायदा.

आमचं घर कोपरखैरण्याला, माथाडी कामगारांच्या वसाहतीत. पुढं एक खोली, मागं स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. ते कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. ट्रकमधून गोणी पाठीवर घ्यायची, गाळ्यात न्यायची आणि थप्पी लावायची, हे त्यांचं काम. घरात शिरले की त्यांच्या आधी कांद्याचा वास आत यायचा. आईनं सदरा कितीही आपटून धुतला तरी तो वास जायचा नाही, आणि मला तो जायला नको असायचा. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमच्या ओळीत निम्मी घरं त्याच बाजूची होती, त्यामुळे आईचं गाव सुटलं असलं तरी गावाचं बोलणं सुटलं नव्हतं. आम्ही पोरं मात्र बाहेर 'टेन्शन नको घेऊ रे' असं बोलायला शिकलो होतो.

त्या घरातले आवाज मला अजून वेगवेगळे ऐकू येतात. ट्यूबलाइट गुणगुणायची. ती बंद करा असं मी म्हणायचो, आणि धाकटा बबन म्हणायचा, "कुठं आवाज येतोय? तुझ्या टाळक्यातच भुंगा आहे." शेजारच्या टीव्हीवरचं भांडण भिंतीतून यायचं, मोरीत स्टीलचा तांब्या पडायचा, आणि तो पडला की माझ्या दातांपर्यंत कळ जायची. एकच आवाज असा होता की तो चालू असताना बाकीचे मला ऐकू यायचे नाहीत. आई काटवटीत भाकरी थापायची तो. थप थप, मग काटवटीची कड, मग तव्यावर भाकरी पडायची ती. मी उंबऱ्यावर बसून त्या आवाजावर पुढं-मागं डोलायचो. आई म्हणायची, "डोल बाबा, तुझ्या डोलण्यानंच माझ्या भाकरी फुगत्यात." घेवड्याची आमटी भाकरीला लागलेली मला चालायची नाही, म्हणून आई वाटी ताटाबाहेर ठेवायची. बबन मला लाटसाहेब म्हणायचा. आई त्याला म्हणायची, "गप ऱ्हा. त्यो येडा न्हाई, भोळा हाय." हे तिचं वाक्य मी फार जपून ठेवलं होतं.

मी चवड्यांवर चालायचो. टाच टेकली की जमीन टोचल्यासारखी वाटायची. रस्त्यानं जाताना भिंतीला खांदा घासत जायचो, कारण मोकळ्यावर चाललं की मी कुठं संपतो आणि रस्ता कुठं सुरू होतो ते मला नीट कळायचं नाही. कुणी काही विचारलं की उत्तर माझ्याकडे असायचं, पण ते तोंडाशी यायला वेळ लागायचा आणि आलं तरी जड जिभेनं यायचं. समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं तर त्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून मी त्याच्या कानाकडे बघायचो. आता हे सगळं एकत्र करा. वीस वर्षांचा धिप्पाड पोरगा, भिंतीला धरून चालतोय, झुलतोय, जीभ जड, नजर भलतीकडे, आणि मध्येच हसतोय. लोकांची तरी काय चूक म्हणा. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात. मी मात्र ताडाखालीसुद्धा बसलो नव्हतो.

आमच्या दारावर बोनकोड्याची जनाकाकी सुकट आणि बोंबील घेऊन यायची. तिचा नवरा दारूनं गेला होता. वसाहतीत माझ्याबद्दल कुजबुज सुरू झाली तेव्हा तिनं टोपली उतरवता उतरवता आईला सांगितलं, "गो बाय, तुजे पोराला दारू नाय. दारुड्याचे डोले येगले. मी बारा वर्सा तेच बगलंय." आईनं मूठभर सुकट जास्त मागून घेतलं आणि विषय बदलला. मी आतून ऐकत होतो. मला वाटलं, आईला हे माहीतच आहे, म्हणून ती बोलली नाही.

मग तात्यांची कंबर गेली. एक दिवस ते थप्पीवरून उतरले ते वाकलेलेच घरी आले आणि पुन्हा सरळ झाले नाहीत. माथाडींचं काम टोळीनं चालतं. टोळीचा एक मुकादम असतो, आणि थकलेल्या माणसाच्या जागी त्याचा मुलगा घ्यायचा रिवाज असतो, पण टोळीला तो पसंत पडला तर. नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. बबन अजून शाळेत होता, त्यामुळे घरातली चूल माझ्या पाठीवर आली. मला त्याचं दडपण वाटलं नाही. गोणी मला आवडायची. पाठीवर वजन पडलं की अंग एका जागी गोळा व्हायचं आणि डोकं शांत व्हायचं. थप्पी तर मी अशी लावायचो की जुनी माणसं बघायला थांबायची. गोणीचं तोंड गोणीच्या तोंडावर, कुठं रेघ हललेली नाही. आमचा मुकादम मारुतीअण्णा म्हणाला, "पोरगं तात्याच्या वरताण हाय." मी ते घरी येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. तिनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

ते घडलं त्या दिवशी मार्केटात आवक फार होती. ट्रकाला ट्रक लागलेले, मागं घेताना वाजणारे भोंगे, दलालांची ओरड, लोखंडी ढकलगाड्यांचा खडखडाट. मी गोणी घेऊन ट्रकच्या फळीवर होतो आणि एकदम सगळे आवाज एकच झाले. असं झालं की मला दिसतं, पण जे दिसतं त्याचा अर्थ लागत नाही. मी तिथंच थांबलो, झुललो, गोणी पाठीवरून सुटली आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याला घासून पडली. इंचभर इकडं असती तर मान मोडली असती त्याची. मी फळीवरच खाली बसलो, कान दाबले आणि डोलायला लागलो. मला वाटतं मी हसतही होतो. मला भीती वाटली की माझं तोंड हसतं, त्याला मी काय करू?

"आयला, सकाळी सकाळी टाकून आलाय हा!" कुणीतरी ओरडलं.

मारुतीअण्णानं माझा जबडा धरला आणि म्हणाला, "तोंड उघड. श्वास सोड." मी सोडला. त्यानं हुंगलं. पुन्हा एकदा हुंगलं. मला वाटलं, सुटलो, आता याला कळलं. अण्णा मागं वळून टोळीला म्हणाला, "वास न्हाई." आणि मग हळू आवाजात, "म्हंजी गोळ्या खातोय."

वास आला असता तर मी दारुडा ठरलो असतो. नाही आला, तर त्याहून वाईट ठरलो.

इथं आजची एक गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल जुन्या काळातले अडाणी लोक होते म्हणून असं झालं. बबनचा मुलगा नितीन महाप्याला एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. मागं त्याचा डबा घरी राहिला तो द्यायला मी गेलो, तर गेटावरच्या गार्डनं मला अडवलं. "काका, घरी जाऊन झोपा." नितीन खाली आला, त्याला ते फार लागलं. त्यानंच मग मला सीबीडीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लहानपणापासूनचं विचारलं, मी त्यांच्या कानाकडे बघत सगळं सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, याला स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम, हे जन्मापासूनच असतं. आयुष्यभर ज्याला नाव नव्हतं त्याला नाव मिळालं. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. नितीननं ते सगळं एका कार्डावर छापून दिलं आणि वर प्लॅस्टिक चढवलं. पुढच्या वेळी महाप्याला मी ते गार्डला दाखवलं. त्यानं नीट वाचलं, परत दिलं, आणि म्हणाला, "ठीक आहे काका. पण आज किती घेतलीय?"

एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. असो.

मारुतीअण्णा वाईट माणूस नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. तो स्वतः एकेकाळी गटारात पडायचा. बायकोचं मंगळसूत्र विकून प्यायला होता. मग कुणीतरी त्याला खंडोबापुढं बसवलं आणि बेल-भंडारा उचलायला लावला. आमच्याकडे ही शपथ सगळ्यात मोठी. ताम्हनात हळदीचा भंडारा, वर बेलाची पानं. ते उचलून माणूस जे बोलला ते बोलला. बेल-भंडारा उचलून खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं, हे आम्हाला बाळघुटीबरोबर पाजलेलं असतं. अण्णाची त्या शपथेनं सुटली ती सुटलीच. तेव्हापासून टोळीतल्या ज्याला लागली त्याला अण्णा देवापुढं बसवायचा, आणि एकदा भंडारा उचलला की त्या माणसाचं मागचं कुणी काढायचं नाही असा टोळीचा दंडक होता. तो आमच्या घरी आला, तात्यांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "तात्या, पोराच्या पोटावर मला पाय द्यायचा न्हाई. रविवारी मार्केट बंद असतंय. टोळीदेखत भंडारा उचलू द्या त्याला. सोडली म्हणू द्या. सोमवारपासनं येऊ दे कामाला."

"पण मी पीत नाही," मी म्हणालो.

अण्णा माझ्याकडे मायेनं बघून हसला. "मीबी आसंच म्हणायचो, बाळा."

"गोळ्या पण खात नाही."

"आरं, समदी आसंच म्हणत्यात. कबूल करणं लई जड असतं. देव करून घेतो."

मी पितो म्हटलं तर पितो, आणि नाही म्हटलं तर पिणारा असंच म्हणतो. आणि शपथ घेतली नाही तर टोळी नाही, तात्यांची जागा नाही. शपथ घेतली तर ती खोटी, कारण जे धरलंच नाही ते सोडणार कसं? मला खोटं बोलता येत नाही. हा काही माझा मोठेपणा नाही, जशी काहींना शीळ घालता येत नाही तसं आहे ते. अण्णा गेल्यावर मी तात्यांना विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं मी पितो?"

तात्या भिंतीकडे तोंड करून पडले होते. "मला काय वाटतंय ते कोण इचारतंय? टोळीला वाटतंय." मग म्हणाले, "शिवा, ताम्हन उचल आन् मोकळा हो. देव कळून घेईल."

आईला मी विचारलं नाही. तिला विचारायचं काही कारणच नव्हतं. माझे सदरे ती धुवायची. मी कधी येतो, काय खातो, कोणती वाटी कुठं ठेवायची, सगळं तिला पाठ. मी मनात असं ठरवलं की रविवारी टोळी जमेल, अण्णा मला शपथ घ्यायला सांगेल, आणि तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर येईल. पदर खोचून येईल आणि म्हणेल, "आवो, माझं पोर पीत न्हाई. त्याला कशाची शपथ घालताय?" मग तात्यांची जागा गेली तरी चालली असती मला. मी दुसरीकडे कुठंही ओझी उचलली असती. मला फक्त ते वाक्य एकदा सगळ्यांदेखत ऐकायचं होतं. ते दोन-तीन दिवस मी ते वाक्य आईच्या आवाजात मनात म्हणत राहिलो.

रविवारी सकाळी घर माणसांनी भरलं. चटया कमी पडल्या तेव्हा माणसं पायरीवर बसली. आईनं पुरण शिजवायला घातलं होतं, वेलदोड्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. पाटावर देवाचा टाक मांडला, ताम्हनात भंडारा ओतला. मला अंघोळ घालून नवा सदरा दिला होता, त्याची कॉलर मानेला कापत होती. बबन कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्या दिवशी त्यानं मला एकदाही लाटसाहेब म्हटलं नाही. अण्णानं माझ्या कपाळाला भंडारा लावला. ओली हळद अंगाला लागली की मला शिसारी येते, पण मी हललो नाही.

"उचल बाळा," अण्णा म्हणाला. "म्हण, खंडेराया, आजपासनं मी सोडली."

मी ताम्हन उचललं आणि स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघितलं. पडद्याखाली आईचे पाय दिसत होते. ती पडद्याला लागून उभी होती. मी थांबलो. टोळी थांबली. कुणीतरी खाकरलं. अण्णा हळूच म्हणाला, "घाबरू नगस." मी पायांकडेच बघत होतो. ते पाय पुढं आले नाहीत. ताम्हन जड नव्हतं, पण माझे हात थरथरायला लागले, आणि टोळीतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, हात कसं कापत्यात. न मिळाल्यावर आसंच हुतंय."

मग मी म्हणालो. "आजपासून मी सोडली."

"येळकोट येळकोट जय मल्हार!" सगळे एकदम ओरडले, भंडारा उधळला, माझ्या डोळ्यांत, कानांत, कॉलरच्या आत हळद गेली. एकेक जण येऊन मला मिठी मारत होता. ज्याच्या खांद्याला गोणी घासली होती तोही आला. आत आई हमसून हमसून रडत होती. मला वाटलं, माझ्यावर अन्याय झाला म्हणून रडतेय. मग ती बाहेर आली, तोंड उजळलेलं, मारुतीअण्णाच्या पाया पडली आणि म्हणाली, "अण्णा, माझं लेकरू मला परत दिलंत."

मला तेव्हा काय वाटलं हे लिहायला मी इतकी वर्षं थांबलो आणि आता लिहायला बसलो तर सांगण्यासारखं काही नाही. काहीच वाटलं नाही. वाटीबाहेर आमटी सांडावी तसं काहीतरी सांडलं असेल, पण ते मला दिसलं नाही. माणसं गेली. आईनं मला पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली, तुपाची धार सोडली, आणि जवळ बसून पदरानं माझ्या कानातली हळद पुसत म्हणाली, "तुला म्हणून सांगते, म्या नवस बोलले व्हते. पोराची सुटली की अनवाणी गड चढीन म्हणून."

"कधी बोललीस?"

"कवाचं झालं त्याला. तू धाव्वीला होतास, तवा."

मी पोळी खाल्ली. आणखी एक वाढली, तीही खाल्ली. दहावीत मी शाळेतून घरी आणि घरातून शाळेत जायचो. येताना भिंतीला खांदा घासत यायचो. ती दारात उभी राहून मला येताना बघायची. मला वाटायचं, वाट बघतेय.

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. डॉक्टरीणबाईंचं नाव, कार्ड, हे सगळं ती गेल्यानंतरचं. नितीन म्हणतो, काका, आजीला हे कळलं असतं तर किती बरं झालं असतं. मी हो म्हणतो. टोळीत मी कंबर वाकेपर्यंत काम केलं. सुटलेला माणूस म्हणून मला फार मान होता. लोक आपली बिघडलेली पोरं माझ्याकडे घेऊन यायचे आणि म्हणायचे, "शिवाभाऊ, सांगा याला, कशी सोडलीत." मी त्या पोरांबरोबर नुसता बसून राहायचो. त्यातल्या काहींची सुटलीसुद्धा.

नवस फेडायला आम्ही पुढच्याच रविवारी जेजुरीला निघालो, आई आणि मी. आईनं घरातूनच चपला काढून ठेवल्या होत्या. सकाळी हायवेला जाऊन थांबलो, ट्रॅव्हल्सची एक गाडी थांबली. वाहनांचा गोंगाट होता, मी चवड्यांवर, एका हातानं खांबाला धरून, थोडा झुलत उभा होतो. आई चढली. मी पायरीवर पाय ठेवला तर क्लीनरनं दारात हात आडवा घातला. "ए, पिऊन नाय चढायचं गाडीत. लेडीज आहेत. चल, मागं हो."

माझं उत्तर नेहमीसारखं उशिरा निघालं. तोंडाशी येईपर्यंत आई उलटी पायऱ्या उतरली होती. अनवाणी, पदर खोचून, अगदी मी मनात बघितली होती तशी. तिनं क्लीनरचा हात बाजूला सारला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "तोंड सांभाळून बोल रं! माझं पोर पीत न्हाई. सोडली त्यानं."

क्लीनर बाजूला झाला. आईनं मला खिडकीकडची जागा दिली, माझा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि गाडी सुटल्यावर माझ्याकडे बघून हसली.